चॅनल मोकळा ठेवा

विशाखा गेल्याची बातमी मला कुणी फोनवर कळवली नाही. मी त्याच हॉलमध्ये होतो, तिच्यापासून फार तर साठ पावलांवर. हातात वॉकीटॉकी, कानात इअरपीस, अंगात इस्त्रीचा काळा शर्ट. दादरमधला हॉल, दुपारचा मुहूर्त, मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झालेली, अंगावरच्या अक्षता झटकत लोक जेवणाच्या दिशेने वळलेले. हॉलच्या मॅनेजरने माझी बाही ओढली आणि म्हणाला, "परबसाहेब, जरा मागे या. तुमच्या मॅडम खुर्चीवर बसल्यात. हाका मारतोय, उठत नाहीत." मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगून टाकतो, कारण या लेखात लपवाछपवी करायची नाही असं ठरवून बसलोय. मला वाटलं, दमली असेल, डोळा लागला असेल. आणि मला तिचा राग आला. पाहुणे जेवायला वळायच्या वेळी ही झोपते कशी!

त्याला आता पाच आठवडे झाले. विशाखा कांबळे, वय सत्तेचाळीस, माझी बावीस वर्षांची भागीदार. भागीदार म्हणजे धंद्यातली. हे मला आयुष्यभर सांगत बसावं लागलं आणि आताही लागतंय. लग्नं, मुंजी, कंपन्यांचे सोहळे, शाळांचे हीरकमहोत्सव, कुणाची साठीशांत... माणसं जमतात तिथे जे जे लागतं ते सगळं आम्ही उभं करायचो. आता त्याला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात, त्याची कॉलेजं निघालीत. ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिने आखलेल्या वाटेने चालून, तिने ठरवलेल्या जागी बसून, पोटभर जेवून घरी गेले असतील. त्यांना ती आठवणार नाही. "आपण दिसलो म्हणजे काहीतरी चुकलंय," असं ती कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची.

भेटायला येणारे म्हणतात, सुखाचं मरण आलं तिला, कुणाला हाकसुद्धा न मारता गेली. मी मान हलवतो. तिच्या आईलाही मी तेच सांगितलं. ते खोटं आहे. विशाखाने हाक मारली होती, ती मला ऐकू आली होती आणि मी तिला गप्प केलं. हे मी आजवर कुठे बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. पण ते नीट सांगायचं तर आधी ती कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर तिने तसं का केलं आणि मी असं का केलं, ते कळायचं नाही.

लालबागला माझ्या मामाचं मंडप डेकोरेटरचं दुकान होतं. मी बी.कॉम. होऊन तिथेच चिकटलो होतो, कारण दुसरीकडे कुणी चिकटवून घेतलं नव्हतं. मार्च महिन्यातल्या एका दुपारी पंचविशीची एक मुलगी दुकानात आली आणि म्हणाली, नायगावच्या चाळीत चौदा एप्रिलचा कार्यक्रम आहे, खुर्च्या हव्यात. मी विचारलं, किती? तर म्हणाली, "आधी खडू द्या." सामानावर खुणा करायला आमच्याकडे खडू असायचा. तो घेऊन ती दुकानासमोरच्या फुटपाथवर उकिडवी बसली आणि तिने चाळीचं पटांगण काढलं. इथे स्टेज, इथून मिरवणूक येणार, इथे पाण्याची पिंपं, मधून चार फुटांची वाट... "म्हातारी माणसं कडेला बसवायची," ती म्हणाली. "त्यांना सारखं उठायला लागतं. मधे बसवलं की लाजेनं उठत नाहीत, मग चक्कर येऊन पडतात." मामाने आयुष्यभर खुर्च्या भाड्याने दिल्या होत्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाबद्दल त्या दुकानात बोललं गेलेलं हे पहिलंच वाक्य असावं. ती गेल्यावर मामा मला म्हणाला, "हिला सोडू नको रे. ही पोरगी आपला धंदा एकतर खाणार, नायतर वाढवणार."

हे ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. वर्ग तिने केला, दादरला संध्याकाळचा डिप्लोमा, पण तिथल्या सरांना तीच चार गोष्टी शिकवून आली असावी. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात त्यांचा आणि चाळीतल्या चारपाच जणांचा पाण्याचा स्टॉल असायचा, आणि विशाखा सहा वर्षांची असल्यापासून तिथे पेला विसळायला उभी असायची. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसं, पायांना फोड, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, आणि तरी रांग मोडत नाही, हे तिने त्या वयात पाहिलं होतं. म्हणून गर्दीला ती कधी घाबरली नाही. पुढे एका गणपती मंडळाची रांग तिने आखून दिली, तेव्हा कार्यकर्ते बघत राहिले होते. वडील तिला सांगायचे, रांगेतल्या शेवटच्या माणसाला पाणी मिळालं की मग आपण प्यायचं. हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की लग्नाच्या हॉलमध्ये सगळे जेवून उठल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मी चिडायचो. "अगं बाई, बुफे आहे तो! बुफेला शेवटचा माणूस नसतोच!" ती हसायची आणि उपाशी राहायची.

मामाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही कंपनी काढली. नाव काय द्यायचं यावर मी तीन दिवस डोकं खाजवत होतो. ती म्हणाली, "परब, तुझं आडनाव लाव." मी म्हटलं, दोघांची लावू. ती म्हणाली, "लाव ना. मग फोन कधी वाजतो त्याची वाट बघत बसू दोघंही." हे ती रागाने म्हणाली नाही, आज वारा कुठून आहे ते सांगावं तसं सांगितलं. मी वाद घालायला हवा होता. थोडासा घातल्यासारखा केला आणि पाटी रंगवायला टाकली. तिच्या कार्डावर नुसतं 'विशाखा' असायचं. बहुतेक गिऱ्हाइकं तिला सौ. परब समजायची, आणि ती ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडायची नाही. घरी माझी बायको चेष्टा करायची, "आज थोरलीला विचारून आलात ना?" आणि विशाखा आमच्याकडे जेवायला आली की तिच्यासमोरही म्हणायची. आम्ही तिघंही खो खो हसायचो. तेव्हा त्यात हसण्यासारखं आहे असं वाटायचं.

कंपनीला पाचेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. गिरगावात एका बड्या घरचं लग्न होतं. वॉकीटॉकी आम्ही नुकतेच घेतले होते, पण इअरपीस सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते. अंतरपाट धरला, गुरुजींनी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच मंगलाष्टकाला स्टेजवर कुणीतरी ठेवलेल्या वॉकीतून किचनमधला माणूस ओरडला, "अरे मसालेभात खाली लागला रे, दुसरं पातेलं चढव!" गुरुजींच्या माइकने ते हॉलभर पोचवलं. लोक फिदीफिदी हसले. नवरीसुद्धा हसली. तिच्या वडिलांना मात्र हसू आलं नाही. लग्न लागल्यावर त्यांनी विशाखाला बाजूला घेतलं. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर ते बरोबरच होतं, चूक आमची होती. पण त्यांनी विचारलं, "तुमचं माहेरचं आडनाव काय हो?" तिने सांगितलं. "हां... तरीच. तुम्हाला काय कळणार मुहूर्त म्हणजे काय ते." एवढंच बोलले आणि पाहुण्यांकडे बघून हसत निघून गेले. मी तिथेच उभा होतो, अक्षतांचं ताट घेऊन. मी काही बोललो नाही. घरी पोचेपर्यंत मला दहा उत्तरं सुचली, आणि तोवर त्यांचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर तिने सगळ्यांना बसवलं आणि नियम केला. अंतरपाट धरल्यापासून शेवटची अक्षता पडेपर्यंत चॅनलवर कुणी बोलायचं नाही. भात करपो, लाइट जावो, नवऱ्याचा मामा हरवो. आग लागली तरच बोलायचं, आणि तीसुद्धा खरोखर लागली तर. सगळे गेल्यावर मी म्हटलं, एवढं कडक कशाला? ती म्हणाली, "तुझ्याकडून चूक झाली की लोक म्हणतात, परब चुकला. माझ्याकडून झाली की ती आमच्या अख्ख्या चाळीच्या नावावर जाते. मला चूक परवडत नाही रे." आदल्या दिवशी मी तोंड का उघडलं नाही, हे तिने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो नियम सतरा वर्षं कुणी मोडला नाही. मुहूर्तावर तिच्यासारखी नजर ठेवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. "आमच्यात मुहूर्त नसतो," ती म्हणायची. "वंदना घ्यायची, हार घालायचे, झालं लग्न. पण तुमचे मुहूर्त मी जेवढे सांभाळलेत ना परब, तेवढे तुमच्या गुरुजींनीपण नसतील."

ती नुसती नियमांवर चालणारी होती असं मात्र समजू नका. कफ परेडच्या मच्छीमार नगराजवळ एका हौशी जोडप्याला समुद्राकाठी साखरपुडा करायचा होता. जागा बघायला आलेल्या मुलीच्या आईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, हे मासे वाळत घातलेत ते दोन दिवस उचलायला सांगा ना. विशाखा म्हणाली, "मॅडम, त्यांची ही बारा महिन्यांची जागा आहे. आपली तीन तासांची." मग ती ओळीने चार दिवस संध्याकाळी तिथे जाऊन बसली, कोळणींशी गप्पा मारल्या, वारा किती वाजता फिरतो ते त्यांच्याकडून समजून घेतलं, स्टेज थोडं पलीकडे सरकवलं आणि कार्यक्रम तासभर उशिरा ठेवला. कुणालाही वास आला नाही. कोळणी नटूनथटून साखरपुड्याला आल्या आणि मुलीच्या आईने त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतले.

वडिलांना तिने एकदाच आपलं काम दाखवायला आणलं. परळला, त्यांच्या गिरणीच्या जागेवर झालेल्या चकचकीत इमारतीत एका कंपनीचा सोहळा होता. मला वाटलं, आता म्हातारा गहिवरणार. मी रुमाल काढून तयार होतो. ते हात मागे बांधून सगळीकडे फिरले, छताकडे बघितलं, गालिचा पायाने दाबून बघितला आणि तिला म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पण संडास कुठं ते कुठंच लिवलेलं नाय. माणसानं विचारायचं कुणाला?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक कार्यक्रमात ती पाटी सगळ्यात मोठी असते आणि ती विशाखा स्वतःच्या हाताने लावायची. वडील गेले त्यालाही आता सात वर्षं झाली.

आता त्या दिवसाकडे यायलाच हवं...

ऐन लग्नसराई होती. ते सलग नववं की दहावं लग्न. आधीच्या आठवड्यात ती सारखी डावा खांदा चोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "ॲसिडिटी आहे रे." खांद्याला ॲसिडिटी होते का, हा प्रश्न मला पडला नाही. खरं म्हणजे पडला होता, मी तो बाजूला सारला. ती दवाखान्यात गेली असती तर ते लग्न मला एकट्याला ओढावं लागलं असतं. त्या दिवशी सकाळी सातला ती हॉलवर आली, फुलवाल्याशी भांडली, पाटी लावली, नवरीच्या खोलीत जाऊन तिला दोन घास खायला लावले. बाराच्या सुमारास आम्ही आपापल्या जागा घेतल्या. मी हॉलच्या दाराशी आणि ती स्टेजमागच्या बोळात, जिथून तिला घड्याळ आणि गुरुजी दोन्ही दिसायचे. "अंतरपाट धरला," ती म्हणाली. "चॅनल बंद." तिचे मी ऐकलेले हे शेवटचे शब्द.

पहिलं मंगलाष्टक संपत आलं असताना माझ्या कानात टक् झालं. वॉकीचं बटण दाबलं आणि बोललं नाही की असा आवाज येतो. आधी टक्, मग नुसती खरखर. तीनचार सेकंद असेल. मला वाटलं, कुणीतरी वॉकी खिशात घालून भिंतीला टेकलंय. थोड्या वेळाने पुन्हा टक्. या वेळी खरखर लांबली, आणि तिच्यात श्वासासारखं काहीतरी होतं. मी वैतागलो. गिरगावच्या त्या लग्नापासून ती धास्ती मलाही बसलेली होती. तोंडावर हात धरून मी दबक्या आवाजात म्हणालो, "कोण बटण दाबतंय? मंगलाष्टकं चालू आहेत. चॅनल मोकळा ठेवा." त्यानंतर काही आलं नाही. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. उरलेली मंगलाष्टकं मी निवांत ऐकली आणि शेवटच्या 'सावधान'ला मीही चार अक्षता टाकल्या. सतरा वर्षांत मंगलाष्टकांच्या वेळी चॅनलवर बोललेला पहिला माणूस मीच.

नंतर मी आमच्या प्रत्येक माणसाला एकेकट्याला गाठून विचारलं. कुणीही बटण दाबलेलं नव्हतं. मग तिला बोलता येत नव्हतं, की बोलायचं नव्हतं? की बोलणार होती आणि तेवढ्यात माझा आवाज कानात आला? यातलं काय ते मला कधीही कळणार नाही. बोळातून बाहेर यायला दहा पावलं होती. ती आली असती तर भरल्या मांडवात सगळ्यांना दिसली असती, गुरुजी थांबले असते, नवरीच्या बापाने मागे वळून बघितलं असतं. ती दहा पावलं तिने का टाकली नाहीत हे मला नीट समजतं. एखादं कोडं असतं तर बरं झालं असतं.

मी बोळात गेलो तेव्हा ती प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. डोकं भिंतीला टेकलेलं, वॉकी दोन्ही हातांनी मांडीवर धरलेला. हात गार लागले. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही शिसारी येते. मी ओरडलो नाही, रडलो नाही. मी काम केलं. स्टेजमागचा पडदा ओढून घ्यायला सांगितलं. वाजंत्रीवाल्यांना आणखी दोन गाणी वाजवायला सांगितली. अॅम्ब्युलन्सवाल्याला फोनवर म्हटलं, मागच्या गेटला या, किचनच्या बाजूने, आणि सायरन वाजवू नका. हे सगळं मी न अडखळता केलं, कारण बावीस वर्षं आम्ही एकमेकांना तेच शिकवलं होतं, पाहुण्यांना काही कळता कामा नये. ज्या दाराने करपलेली पातेली बाहेर जातात त्या दाराने मी विशाखाला बाहेर नेलं. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी झालाय. मी विचारलं, लगेच आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित." मग ते पुढच्या पेशंटकडे गेले.

नवरीच्या वडिलांनी स्मशानात पुष्पचक्र पाठवलं होतं. त्यावर चिठ्ठी होती, 'सौ. विशाखा परब यांस.' मी ती फाडून खिशात घातली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही, आवाज खरोखर कापत होता. म्हणाले, "परब, काय बोलावं कळत नाही. पण तुम्ही लोकांनी निभावलंत. शुभकार्यात असं काही... पण एकाही पाहुण्याला कळलं नाही हो." मी त्यांना थँक यू म्हणालो. जिभेला वळणच तसं पडलंय.

धंदा चालू आहे. घेतलेल्या तारखा पार पाडाव्याच लागतात, ज्यांची लग्नं आहेत त्यांचा काय दोष? मी आमच्या माणसांना सांगून टाकलं की यापुढे चॅनल कधीही बंद होणार नाही, मंगलाष्टकं असोत की आणखी काही असो, कुणाला काही वाटलं तर बिनधास्त बोलायचं. परवाच्या लग्नात अंतरपाट धरला आणि माझ्या कानात एकदम शांत झालं. सगळे गप्प. नंतर मी ओरडलो त्यांच्यावर, तर एकजण खाली मान घालून म्हणाला, "सवय आहे सर. मॅडमनी लावलेली." मी हॉलबाहेर जाऊन जिन्यात बसलो. तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, तेही पुरतं नाही.

विशाखाने लग्न केलं नव्हतं. घरी ती आणि आई, दोघीच. जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं, त्याला दीड वर्ष झालं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि तिच्या आईने, मी त्यांना मावशी म्हणतो, मला जवळ बसवून घेतलं. माझा हात धरून म्हणाल्या, "प्रदीप, खरं सांग. माझ्या पोरीनं शेवटी कुणाला हाक मारली का रे?"

मी म्हणालो, "नाही मावशी. कुणालाच नाही. तिला त्रासच झाला नसेल."

मला वाटलं, यानं त्यांना धीर येईल. खोटं बोलणाऱ्या माणसाला नेहमी तसंच वाटतं. मावशी म्हणाल्या, "तरास झाला असंल. पण ती नाय मारायची हाक. मीच तिला तशी वाढवली. लहानपणी जरा रडली की मी म्हणायचे, गप, लोक काय म्हणतील, आपल्यापायी कुणाला तरास होता कामा नये. मीच गप केली रे माझ्या पोरीला..."

त्यानंतर जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हेच. त्या जेवत नाहीत धड. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, मी माझ्या हातानं पोर घालवली. लोक समजूत घालतात, म्हणतात, असं नसतं हो काकू. मी समोर बसलेला असतो. गिरगावात अक्षतांचं ताट धरून उभा होतो, तसा इथे चहाचा कप धरून बसलेला. पाच वेळा सांगायचं ठरवून गेलो आणि पाचही वेळा चहा पिऊन परत आलो. माझ्या एका खोट्यामुळे ती म्हातारी रोज स्वतःला मुलीच्या मरणाचा दोष देतेय, आणि मला लिफ्टचं बटण दाबून घरी यायला जमतं.

मग वाटलं, लिहावं. त्यांच्या घरी ही पुरवणी येते हे मला माहीत होतं. लिहून संपादकांकडे दिलं की सुटलो, त्या वाचतील, मला समोर उभं राहायला नको. नीट खात्री करून घ्यावी म्हणून परवा गेलो, तर टीपॉयवर रविवारचे अंक जसेच्या तसे पडलेले, त्यांचे रबरबँडसुद्धा निघालेले नाहीत. मी विचारलं, "मावशी, पेपर वाचत नाही का आता?"

"मला कुठं दिसतंय रे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. विशू वाचायची. रविवारी सकाळी त्या खिडकीपाशी स्टुलावर बसायची नि पयल्या पानापासनं सगळा पेपर वाचायची. गेलेल्या माणसांवर लिवलेलं असतं ना, ते आधी वाच म्हणायचे मी. ती वैतागायची, म्हणायची, आई, जित्या माणसांचं पण ऐक की जरा..." बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे हात केला. स्टूल तिथेच होतं, उजेडाच्या बाजूला थोडं तिरकं, ती उठून गेली तसं. त्याला कुणी हात लावलेला नाही, कारण लावायला घरात कुणी नाही.

म्हणजे हा लेख छापून येईल, त्यांच्या दारात पडेल आणि घडी न उलगडता टीपॉयवर जाऊन बसेल. चाळीत असत्या तर येताजाता कुणीही वाचून दाखवला असता. अठराव्या मजल्यावर दारं बंद असतात. तेव्हा वाचायला मलाच जायला हवं. तुम्ही हे वाचत असाल त्या रविवारी सकाळी मी त्या स्टुलावर बसलेला असेन, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत इथवर यायचा प्रयत्न करत असेन. माफी मागायला जात नाही. ती मिळणार नाही, आणि मिळाली तर ती घेऊन मी काय करू? फक्त त्यांच्या डोक्यावरचं ओझं ज्याचं आहे त्याच्याकडे यावं, एवढ्याचसाठी जातोय.

मावशी, विशूने हाक मारली होती. दोनदा मारली होती. तिला तुम्ही गप्प केलं नाहीत. मी केलं.